विश्लेषण : बिलोलीच्या अंगणातून पृथ्वीचा परीघ मोजता येईल? उन्हाळी सुट्टीतील 'खगोल संशोधन' म्हणजे नेमके काय?

उन्हाळी सुट्टी लागली की शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. 'लघुग्रह शोधा, प्रमाणपत्र मिळवा' असे संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. शाळकरी मुले खरोखरच खगोलशास्त्रातील संशोधन करू शकतात का? आणि त्यासाठी पुणे-मुंबईच गाठावी लागते, की नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातूनही ते शक्य आहे?

शिबिरातील संशोधन प्रकल्प म्हणजे काय?

युरोपात १९६९ पासून तरुणांसाठी आंतरराष्ट्रीय खगोल शिबिर भरते. साधारण तीन आठवडे मुले गटांत राहतात, स्वतःचा प्रश्न निवडतात आणि शेवटी अहवाल लिहितात. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पुण्याच्या 'आयुका'चे आहे. जयंत नारळीकर संस्थापक-संचालक असलेल्या या संस्थेने १९९३ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी उपक्रम राबवला. विद्यार्थ्यांचा छोटा गट आठवडाभर एका मार्गदर्शकासोबत काम करतो. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. आठवडा संपताना अहवाल मात्र द्यावा लागतो.

या उपक्रमाची रचना पुण्यातील शाळांसाठी होती. बिलोलीच्या विद्यार्थ्याला रोज तिथे जाणे शक्य नाही. पण प्रश्न, मोजमाप, त्रुटींचा हिशेब आणि अहवाल ही पद्धत कोणत्याही गावात वापरता येते.

बिलोलीत सावली कधी गायब होते?

बिलोली सुमारे १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पडत नाही. यालाच 'शून्य सावली दिवस' म्हणतात. बिलोलीत तो १५ मेच्या सुमारास येतो. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ असते. म्हणजे खरी संधी सुट्टीतच आहे.

हा क्षण घड्याळातील बाराला येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि बिलोली त्याच्या पश्चिमेला, ७७.७ अंशांजवळ आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर इथली मध्यान्ह दुपारी १२ वाजून १५ मिनिटांच्या आसपास होते.

यातून पृथ्वीचा परीघ कसा निघतो?

सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने इजिप्तमधील दोन शहरांतील सूर्यकिरणांच्या कोनांवरून परीघ काढला. बिलोलीला यासाठी सोयीचा जोडीदार आहे बंगळूरु. हे शहर जवळपास त्याच रेखांशावर, पण १३ अंश अक्षांशाजवळ आहे. त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह जवळजवळ एकाच वेळी होते.

बिलोलीत सावली शून्य असताना बंगळूरुत एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे १० सेंटिमीटर पडते. तीही दक्षिणेला, कारण सूर्य तिथे डोक्याच्या उत्तरेला असतो. हा कोन ५.८ अंशांचा. दोन्ही ठिकाणांतील सरळ अंतर सुमारे ६४० किलोमीटर. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना ५.८ ने भागून ६४० ने गुणले की उत्तर येते सुमारे ३९,७०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

बिलोलीच्या अनेक घरांतील नातेवाईक कामानिमित्त बाहेरगावी असतात. बंगळूरुतील मामा किंवा ताईने गच्चीवर काठी उभी करून फोनवर माप कळवले, तरी प्रयोग होतो.

मग यात 'संशोधन' कुठे आहे?

संशोधन सुरू होते ते उत्तर चुकल्यावर. बंगळूरुतील सावली मोजताना अर्धा सेंटिमीटर जास्त धरला, तर परीघ जवळपास दोन हजार किलोमीटरने कमी येतो. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटर रुंदीत धूसर होते. तिची नेमकी टोकाची रेघ कोणती? काठी खरोखर उभी आहे का? इथे गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो, जमीन तपासायला पाणसळ. आधी-नंतरचे दोन-तीन दिवस मापे घेऊन सरासरी काढणे आणि त्रुटी किती हे अहवालात लिहिणे, हाच प्रकल्पाचा गाभा. सूर्याकडे थेट पाहू नये आणि मे महिन्यातील उन्हात डोके झाकूनच बाहेर पडावे.

रात्री दुर्बिणीशिवाय काय करता येईल?

मे महिन्यात रात्री दहानंतर ईशान्येला तेजस्वी अभिजित तारा दिसतो. त्याच्याजवळ 'बीटा लायरी' हा तारा आहे. ही एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असल्याने तिचे तेज सुमारे १२.९ दिवसांच्या चक्रात कमी-जास्त होते. सर्वांत तेजस्वी असताना तो शेजारच्या 'गॅमा लायरी'इतका दिसतो, तर एरवी मंद. हा बदल जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८४ मध्ये टिपला, तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. गच्चीवर झोपणाऱ्या मुलांना पाऊस येईपर्यंत दोन-तीन चक्रे वहीत नोंदवता येतील. शहरी झगमगाटापासून दूर असणे इथे फायद्याचेच ठरते.

'लघुग्रह शोधला' या बातम्यांचा अर्थ काय?

'आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहकार्य' हा उपक्रम २००६ पासून विद्यार्थ्यांना खऱ्या दुर्बिणींची छायाचित्रे पुरवतो. हवाईतील 'पॅन-स्टार्स' दुर्बिणीने काही मिनिटांच्या अंतराने टिपलेल्या चित्रांत सरकणारा ठिपका संगणकावर शोधायचा असतो. सहभाग विनामूल्य आहे. मात्र पहिली नोंद ही केवळ 'प्राथमिक' असते. पुढील निरीक्षणांतून खात्री होणे, कक्षा निश्चित होणे आणि क्रमांक मिळणे यात अनेक वर्षे जातात; नावाचा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी विचारावे : शुल्क नेमके कशाचे? मुलाने स्वतः काय मोजले? अहवाल कोण तपासणार?

पुढचा टप्पा कोणता?

पदवीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेला 'रॅड ॲट होम' हा नागरिक-विज्ञान उपक्रम आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या 'जीएमआरटी' दुर्बिणीची माहिती त्यात अभ्यासली जाते. त्यासाठी संगणक आणि इंटरनेट लागते. पण तिथे लागणारी सवय, म्हणजे आपलेच माप पुन्हा तपासण्याची, सातवी-आठवीतही लागू शकते. त्यासाठी एक काठी, एक ओळंबा आणि मेमधली एक दुपार पुरेशी आहे.