चंद्रोदय मुंबईचा, उपास भिलाईचा

संकष्टीचा उपास चंद्रदर्शनाने सुटतो, आणि चंद्र काही सगळ्या गावांत एकाच वेळी उगवत नाही. मुंबई साधारण 72.9 पूर्व रेखांशावर आहे, भिलाई 81.4 वर. साडेआठ अंशांचं अंतर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं. मुंबईची वेळ बघून भिलाईतल्या क्वार्टरमध्ये कुणी मोदक झाकून बसलं असेल, तर बाहेर चंद्र केव्हाच वर आलेला असतो.

1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्या काळापासून इथे नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत आता तिसरी पिढी तिथी मोबाइलवर पाहते. कुठल्या तरी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पंचांगाची चौकट, म्हणजे विजेट, असते. तिच्यात शहर भिलाई, भाषा मराठी आणि महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा, असं एकदा नीट निवडलं जातं. पुढच्या संकष्टीला बघावं तर शहर पुन्हा मुंबई नाहीतर दिल्ली. मग घरात तर्क सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला तर्क असा की एकदा निवडलं म्हणजे ते ‘त्यांच्याकडे’ नोंदलं गेलं. लॉगिन केलं असेल तरच हे खरं. नाहीतर अशी निवड बहुधा विजेट बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातच नाही. ती तुमच्याच फोनमधल्या ब्राउझरमध्ये कुकीत किंवा लोकल स्टोरेजमध्ये राहते. त्यामुळे आईच्या फोनवर केलेली निवड मुलाच्या फोनवर दिसणार नाही, आणि क्रोममधली फायरफॉक्समध्ये दिसणार नाही. फेसबुकमध्ये आलेली लिंक फेसबुकच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडली, तर तिथली साठवण आणखी निराळी. इनकॉग्निटो खिडकीत केलेली निवड खिडकी मिटताच जाते. आणि ‘फोन स्लो झालाय’ म्हणून घरातला हुशार भाचा ब्राउझरचा सगळा डेटा पुसून टाकतो, तेव्हा भिलाईही पुसली जाते.

दुसरा तर्क जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘चौकट तीच, कंपनी तीच, मग या साइटवर केलेली निवड त्या साइटवर का दिसत नाही?’ पूर्वी दिसायची. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुलीने कुकी आणली ती साइटला आपला ग्राहक ओळखता यावा म्हणून. पण पानात बसवलेल्या परक्या चौकटीलाही स्वतःची कुकी ठेवता येत होती. एकच चौकट हजार साइटवर असेल, तर हजारही ठिकाणी तीच कुकी तिला परत मिळायची. पंचांगाला यामुळे तुमचं शहर लक्षात राहायचं, आणि जाहिरातवाल्याला तुम्ही सकाळी बातम्या, दुपारी औषधं आणि रात्री कर्जाचे हप्ते पाहिलेत हेही कळायचं. यंत्रणा दोघांची एकच.

विजेट हे पोटभाडेकरू आहे. पूर्वी या पोटभाडेकरूचं सामान गावभर एकच होतं, ज्या घरी जाईल तिथे बरोबर न्यायचं. आता ब्राउझर म्हणतो, ज्या घरात राहशील तिथलं कपाट वेगळं आणि त्याची किल्ली दुसऱ्या घरी चालणार नाही. सफारीने मार्च 2020 मध्ये परक्या कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक साइटगणिक वेगळं कपाट संगणकावर सर्वांसाठी लागू केलं. क्रोमने 2023 मध्ये आवृत्ती 115 पासून लोकल स्टोरेजची अशी वाटणी केली. परक्या कुकीज बंद करण्याची घोषणा मात्र क्रोमने 2020 मध्ये केली, वारंवार पुढे ढकलली आणि जुलै 2024 मध्ये मागे घेतली. एप्रिल 2025 मध्ये गुगलने सांगितलं की त्यासाठी वापरकर्त्यांकडे वेगळी विचारणाही करणार नाही. म्हणून आज साध्या क्रोममध्ये, विजेटने निवड कुकीत ठेवली असेल तर ती दुसऱ्या साइटवरही मिळू शकते आणि लोकल स्टोरेजमध्ये ठेवली असेल तर मिळत नाही. सफारीत दोन्ही नाही. एकाच घरात नवऱ्याच्या अँड्रॉइडवर चौकट शहाणी आणि बायकोच्या आयफोनवर विसरभोळी का, याचं उत्तर हे असू शकतं. माझ्या मते वाटणी योग्यच आहे. महिन्यातून एकदा शहर पुन्हा निवडावं लागणं हा त्रास आहे, पण पाळतीपुढे तो किरकोळ.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक पेच आहे. काही विजेटं वेगळ्या चौकटीत न राहता यजमान पानातच मिसळतात आणि त्याच साइटच्या नावाने लोकल स्टोरेज वापरतात. त्यांना वाटणीचा प्रश्न येत नाही. पण सफारीचा 2020 पासूनचा नियम असा, की वापरकर्त्याने सात दिवस सफारी वापरली आणि त्या काळात त्या साइटवर एकदाही काही दाबलं नाही, तर साइटच्या स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसायचं. संकष्टी येते महिन्यातून एकदा. म्हणजे जो फक्त संकष्टीलाच ती साइट उघडतो, त्याची निवड दर महिन्याला नियमाने पुसली जाणार. यात कुणाचाही बिघाड नाही. सर्व्हरकडून आलेली कुकी या सात दिवसांच्या सफाईतून वाचते, आणि साइट होम स्क्रीनवर घेऊन ठेवली तरी हा नियम आड येत नाही.

कुकी म्हणजे व्हायरस, हा समज अजूनही भेटतो. कुकी म्हणजे फार तर चार किलोबाइटचा मजकूर. ती स्वतः काही चालवू शकत नाही. ‘मराठी, अमान्त, भिलाई’ एवढे तीन शब्द तिच्यात असतील तर त्यातून तुम्ही कोण हे कळत नाही, कारण हेच तीन शब्द इथल्या कितीतरी घरांत सारखेच असतील. धोका सुरू होतो तो त्या तीन शब्दांशेजारी जगात एकच असलेला लांबलचक क्रमांक चिकटवला की. उलट बाजूने ‘आम्ही कुकी वापरत नाही’ अशी पाटी दिसली म्हणजे काहीच साठवलं जात नाही, असंही समजू नये. लोकल स्टोरेज ही कुकी नव्हे, आणि त्यात सहज पाच मेगाबाइट मावतात. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाहीच. कायदा विचारतो वैयक्तिक डेटाबद्दल, मग तो कशातही ठेवा.

‘लोकेशन बंद आहे, तरी यांना शहर कसं कळतं?’ आयपी पत्त्यावरून. चौकट तिच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येते, म्हणून तुमचा आयपी पत्ता यजमान साइटबरोबर त्या सर्व्हरलाही मिळतो. पण त्यावरून निघालेलं शहर हा अंदाज असतो. इंटरनेट कंपनीचं जाळं जिथून बाहेर पडतं ते गाव दिसतं, आणि भिलाईकराला रायपूर दिसलं तर ते बरंच जवळ म्हणायचं. मग जीपीएसची परवानगी द्यावी का? द्यायची म्हटली तरी प्रत्येक वेळी देता येत नाही. परक्या चौकटीला लोकेशन मागायचं असेल, तर आधी यजमान पानाने तशी सवलत लिहून द्यावी लागते. ती नसेल तर क्रोम तुम्हाला विचारतही नाही. पंचांगासाठी खरं तर एवढ्या नेमकेपणाची गरजच नाही, शहराची यादी पुरते.

भाषा आणि महिना यांची गोष्ट वेगळी आहे. भाषा ब्राउझर आपणहून कळवतो, म्हणून सेटिंगमध्ये मराठी सर्वांत वर ठेवली की निदान चांगल्या विजेटांना काही आठवावं लागत नाही. महिना मात्र कुणी कळवत नाही. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी घरांत अमावास्येला. पोळा इथेही असतो, इथले लोक त्याला पोरा म्हणतात, दिवस तोच. पण आपल्या हिशेबाने ती श्रावण अमावास्या आणि शेजाऱ्यांच्या हिशेबाने भाद्रपद. हरेलीची श्रावण अमावास्या ती आपली आषाढातली दिव्यांची अवस. चूक कुणाचीच नाही, आणि ठिकाणावरून किंवा भाषेवरून हे ओळखताही येत नाही, कारण भिलाईत राहून हिंदीत पंचांग वाचणारं घरही अमान्त पाळत असू शकतं. ही निवड विचारून घ्यावी आणि जपून ठेवावी लागते.

जपायची कुणी? लोक विजेटवाल्या कंपनीला दोष देतात, पण बऱ्याचदा हे काम साइट चालवणाऱ्याच्या हातात असतं. एखाद्या मराठी मंडळाच्या साइटवर चौकटीचा कोड चिकटवताना त्यातलं मूळ शहर तसंच राहून जातं. विजेटमध्ये सोय असेल, तर त्या कोडमध्येच शहर, भाषा आणि महिन्याची पद्धत लिहून टाकावी. भिलाईच्या मंडळाच्या साइटवर येणाऱ्या बहुतेकांना भिलाईच हवी असते, मग साठवायचं काय? ज्यांना वेगळं हवं त्यांची निवड यजमान साइटने आपल्या सर्व्हरच्या कुकीत ठेवावी आणि पान उघडताना चौकटीला कळवावी. चौकटीला स्वतःचंच जुनं सामान हवं असेल, तर ब्राउझरकडे रीतसर परवानगी मागण्याचीही सोय आहे, फक्त वापरकर्त्याने आधी चौकटीत काहीतरी दाबलेलं असावं लागतं. पंचांगवाल्याने ही खटपट करू नये, तीन शब्दांसाठी ती जास्तच आहे.

साइटवाला ऐकत नसेल, तर वाचकासाठी साधा उपाय आहे. शहर निवडल्यावर वरच्या पत्त्यात ते शहर दिसत असेल, तर तो पत्ताच बुकमार्क करून ठेवावा. निवड पत्त्यातच असल्यामुळे साठवण पुसली गेली तरी बिघडत नाही.

आणि सेटिंग टिकलं का, हे शुद्ध पक्षात तपासू नये. शुद्ध पंधरवड्यात दोन्ही पद्धतींत महिन्याचं नाव एकच असतं, त्यामुळे विसरलेली चौकटही बरोबर दिसते. वद्य पक्ष लागला की दुसऱ्या दिवशी बघावं. संकष्टीला तेव्हा अजून दोन-तीन दिवस असतात.