लोखंड उचलणाऱ्यानं रिंगमध्ये उतरताना

रॉबर्ट हिक्सन हा अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्वतः वजनं उचलणारा गडी. सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत काम करताना तो गुरूंच्या सोबतीनं पळायला जाऊ लागला आणि बघता बघता त्याची ताकद उतरायला लागली, अशी हकिकत व्यायामशास्त्रात आजही सांगितली जाते. पुढे त्यानं या प्रश्नावरच प्रयोग केला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन गट होते. एक फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, दुसरा फक्त दमाचा, तिसरा दोन्ही पूर्ण मात्रेत करणारा. दहा आठवड्यांत पहिल्या गटाची ताकद शेवटपर्यंत वाढत राहिली. तिसऱ्या गटाची साधारण सात आठवडे तशीच वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क खाली आली.

वेटलिफ्टिंग करणाऱ्या आणि आता बॉक्सिंगही शिकायला निघालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं यातला पहिल्या सात आठवड्यांचा भाग नीट लक्षात ठेवायला हवा. कारण धोका तिथंच आहे. सुरुवातीला सगळं छान चालतं. सकाळी स्क्वॉट, संध्याकाळी बॅग, रविवारी पळणं; अंग दुखतं, पण मजा येते. ‘मला काही होत नाही’ असा विश्वास बसतो आणि नेमक्या त्याच वेळी शरीराचं देणं आतल्या आत साचत असतं.

आधी या दोन खेळांतलं अंतर पाहू. स्नॅच किंवा क्लीन अँड जर्क ही काही सेकंदांची गोष्ट. त्यासाठीचं इंधन स्नायूत आधीच साठवलेलं असतं: एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन. ते संपलं की लिफ्टर बाकावर बसतो, दोन-तीन मिनिटं निवांत घेतो, साठा बराचसा भरून येतो. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये फक्त एक मिनिट. इथं ऊर्जेचा मोठा वाटा प्राणवायू वापरणाऱ्या यंत्रणेकडून येतो. हौशी बॉक्सिंगच्या तीन फेऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात तो जवळपास तीन चतुर्थांश निघाला. म्हणून दीडशे किलोचा स्क्वॉट मारणारा पोरगा पहिल्यांदा बॅगसमोर उभा राहतो तेव्हा मिनिटभरात तोंडानं श्वास घेऊ लागतो, खांदे कानांपर्यंत चढतात, हात खाली येतात. तो कमकुवत नसतो. त्याला हे इंधन वापरायची सवय नसते.

पण त्याच्याकडे मोठी पुंजीही असते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत संशोधकांच्या मोजमापानुसार अव्वल बॉक्सरांच्या सरळ ठोशात पायांच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, तर खालच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये तो १७ टक्क्यांच्या आतच. नवखे हातानं मारतात, तयार बॉक्सर जमिनीला रेटा देऊन मारतो. जमिनीला रेटा देणं हेच तर लिफ्टरनं वर्षानुवर्षं केलेलं असतं. त्याला शिकायचं असतं ते सैल पडणं. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० मध्ये कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंचे विद्युत-आलेख काढले, तेव्हा फटक्याच्या सुरुवातीला एक आकुंचन, मग क्षणभर ढिलाई आणि लक्ष्यावर आदळताना पुन्हा आकुंचन असे दोन उंचवटे दिसले. मधली ती ढिलाईच हाताला वेग देते. लिफ्टरचं अंग मात्र बारखाली शेवटपर्यंत घट्ट राहायला शिकलेलं. तो बॅगवर तसाच आवळलेला राहतो आणि विनाकारण दमतो. म्हणून पहिल्या महिन्यात जोरात बॅग मारण्यापेक्षा आरशासमोर निम्म्या जोरानं शॅडो बॉक्सिंग केलेलं अधिक कामाचं. त्यात अंगावर ताणही कमी येतो.

आता हिक्सननं पाहिलेल्या अडथळ्याकडे वळू. दमाच्या व्यायामानं पेशीत एएमपीके नावाचं विकर जागं होतं. ते ऊर्जेची टंचाई ओळखतं. ताकदीच्या व्यायामानं एमटॉर हा मार्ग सुरू होतो. तो नवी प्रथिनं बांधायला लावतो. पहिलं दुसऱ्याला आवरतं, असं स्पष्टीकरण बरीच वर्षं दिलं जात होतं. माणसांवरच्या पुढच्या अभ्यासांनी चित्र बरंच सौम्य केलं. बेतानं केलेल्या मिश्र सरावात स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद फारशी अडत नाही. फटका बसलाच तर तो झटक्याच्या ताकदीला, तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात लागोपाठ केले तर. लिफ्टर आणि बॉक्सर दोघांचंही पोट झटक्याच्या ताकदीवरच भरतं. तेव्हा दोन सत्रांत किमान तीन तासांचं अंतर ठेवावं, सहा तासांचं जमलं तर उत्तम. एकाच वेळी करणं भाग असेल, तर ज्या दिवशी जे शिकायचं ते आधी, ताज्या अंगानं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती व्यायामशाळांत फारशी कुणी सांगत नाही: कमावलेली ताकद राखायला फार थोडं लागतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात विशी-तिशीतल्या लोकांनी १६ आठवडे आठवड्यातून तीनदा पायांचा वजनी व्यायाम केला. पुढचे ३२ आठवडे त्यांतल्या काहींनी त्याचा फक्त एक तृतीयांश केला, म्हणजे आठवड्यातून एकदाच. त्यांचे स्नायू आणि ताकद टिकून राहिली. बारवरचं वजन उतरवलं नाही, तर सेट आणि दिवस बरेच कमी करता येतात. बॉक्सिंग सुरू करणारा पोरगा नेमकं उलट करतो. लिफ्टिंगचं जुनं वेळापत्रक तसंच ठेवतो आणि त्यावर बॉक्सिंग रचतो.

हे आकड्यांत बघा. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रुळवलेली पद्धत सोपी आहे: सत्र किती जड गेलं त्याला ० ते १० गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचं. लिफ्टिंगची चार सत्रं, प्रत्येकी ७५ मिनिटं, गुण ६: आठवड्याचा भार १८००. त्यावर बॉक्सिंगची तीन सत्रं, तासाभराची, गुण ८: आणखी १४४०. एका आठवड्यात भार ८० टक्के वाढला! तेच लिफ्टिंग ५० मिनिटांच्या दोन सत्रांवर आणलं (गुण ७, भार ७००) आणि बॉक्सिंग ४५ मिनिटांची तीन सत्रं ठेवली (गुण ६, भार ८१०), तर बेरीज १५१० होते, पूर्वीपेक्षा कमी. शरीराला नव्या हालचालींशी जुळवून घ्यायला जागा मिळते. महिन्याभरानं हळूहळू वाढवता येतं. जड दिवसामागे हलका दिवस यावा आणि हलका दिवस खरोखर हलका असावा.

दम एकवेळ काही आठवड्यांत वाढतो. कंडरा आणि अस्थिबंध त्या वेगानं तयार होत नाहीत. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर यानं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलोंवर रौप्य मिळवलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. डोक्यावर बार धरताना कोपर पूर्ण ताणून कुलूप लावावं लागतं. जॅब हुकून हवेत गेला की तेच कोपर पुन्हा झटक्यानं ताणलं जातं. मनगटाचंही तसंच: क्लीनमध्ये ते मागे वाकतं, ठोशात ते सरळच हवं. पट्ट्या नीट बांधायला शिकल्याशिवाय बॅगला हात लावू नये. आणि जर्कच्या दिवशीच बॅगवर लांब फेऱ्या ठेवू नयेत.

वय कोवळं असेल तर झोप आणि जेवण हाही सरावच. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. पहाटे पाचला मैदान आणि रात्री अकरापर्यंत क्लासचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वेळापत्रकात ती बसतच नाही. त्याचं एक सत्र काढून टाकणं हाच प्रामाणिक उपाय. बॉक्सिंगचा वजनगट गाठायला पाणी तोडणं, घाम काढणं, जेवण टाळणं वाढत्या वयात अजिबात नको. ऊर्जेच्या खर्चाच्या मानानं अन्न कमी पडलं की शरीर संप्रेरकं आणि हाडं यांच्यावर काटकसर करतं. मुलींची पाळी लांबणं किंवा थांबणं हा त्याचा स्पष्ट इशारा आहे. त्याकडे ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून दुर्लक्ष करू नये. सरावानंतर तासाभरात भाकरी-उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, केळी यांतलं जे घरात असेल ते पोटभर मिळालं, तरी मोठं काम होतं.

डोक्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर. अमेरिकी आणि कॅनेडियन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये संयुक्त निवेदनात मुलांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध नोंदवला, तो मेंदूच्या इजेमुळेच. तंत्र, पॅड, बॅग, दोरी यांतून बॉक्सिंगचे बहुतेक फायदे मिळतात. स्पारिंगची, म्हणजे जोडीदाराशी प्रत्यक्ष लढून सराव करण्याची, घाई कशाला? डोक्यावर फटका बसून गरगरलं, मळमळलं, गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशीचा खेळ तिथंच संपवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. त्यांनी परवानगी देईपर्यंत बारही उचलायचा नाही.

सराव जास्त होतोय हे ओळखायचं कसं? एकच अशी रक्ततपासणी नाही. युरोपीय आणि अमेरिकी क्रीडावैद्यक संघटनांच्या २०१३ च्या निवेदनानुसार ही पायरीपायरीची घसरण आहे: पहिल्या थकव्यातून माणूस काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत सावरतो, दुसऱ्यातून सावरायला आठवडे ते महिने जातात आणि खऱ्या ओव्हरट्रेनिंगमधून बाहेर यायला महिनोन्‌महिने लागतात. पहिल्या पायरीवर थांबणं आपल्या हातात असतं. त्यासाठी लिफ्टरच्या बोटांवरचा खडू पुरतो. वॉर्म-अपनंतर भिंतीशी उभं राहून उडी मारायची आणि बोटांची खूण उमटवायची. दोन-तीन सत्रं खूण नेहमीपेक्षा बरीच खाली येत असेल, पहाटेची नाडी काही दिवस चढलेली असेल, रिकामा बारही जड लागत असेल, चिडचिड होत असेल, तर तो आठवडा निम्म्या भाराचा. दोन आठवडे हलके घेऊनही अंग उभारी धरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. पंडुरोग, थायरॉइड किंवा लपलेला संसर्गही असाच थकवा देतो.

शेवटी एक विनंती प्रशिक्षकांना. असा मुलगा दोन सरांकडे शिकतो आणि दोघंही आपापल्या परीनं त्याच्याकडून पुरेपूर काम करून घेतात. एकाला दुसऱ्यानं काय करून घेतलं ते ठाऊक नसतं. त्याला एक वही ठेवायला लावा: मिनिटं, गुण, झोपेचे तास, उडीची खूण. सराव सुरू करण्याआधी ती उघडून बघा आणि एकमेकांना फोन करा.