नव्याने बांधलेल्या इंजिनाचा कॅम का झिजतो?

लोणावळ्यात इंजिन नव्याने बांधलेली जुनी जीप महिन्याभरात टॅपेटचा खडखडाट करू लागली, की आपण बोरघाटाला दोष देतो. पण आधी तपासू. वरचे झाकण काढून इंजिन हाताने फिरवावे. एखादा व्हॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उचलला गेला, तर त्याचा कॅम झिजलेला असू शकतो. तेलात चुंबक फिरवल्यास लोखंडाची भुकटीही सापडते.

कॅम व टॅपेट अगदी थोड्या जागेत टेकतात, म्हणून दाब प्रचंड असतो. टॅपेट स्वतःभोवती फिरला तरच झीज सर्वत्र वाटली जाते. झिजलेला जुना टॅपेट नव्या कॅमवर नीट फिरत नाही. शिवाय अशा इंजिनात कॅमला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून. मंद गतीत शिंतोडे कमी उडतात. म्हणून पहिली २० मिनिटे इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांनी चालवतात. घाट नंतर येतो. बिघाड बहुधा त्याआधीच झालेला असतो.