दाढेचं दुखणं आणि विम्याचा कागद

रात्री दाढ ठणकू लागली की लवंग, मिठाचं पाणी, वेदनेची गोळी सगळं होतं. सकाळी रूट कॅनल होतं, काही हजारांचं बिल हाती येतं आणि कपाटातली आरोग्य विम्याची पॉलिसी बाहेर निघते. क्लेम मात्र बहुधा नामंजूर होतो. त्यात कंपनीची लबाडी असतेच असं नाही.

आम्ही पॉलिसींची बारीक अक्षरं वाचतो तेव्हा दिसतं ते असं : दुखणं किती जीवघेणं होतं याला विम्यात किंमत नाही. उपचार कशामुळे करावा लागला आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं का, हे पाहिलं जातं. कीड, रूट कॅनल, कॅप, अब्बांची कवळी हे सारं ओपीडीत मोडतं. जादा हप्ता भरून ओपीडीचं संरक्षण घेतलं असेल आणि त्यात दातांचा उल्लेख असेल, तरच काही मिळतं. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला, दाखल व्हावं लागलं, तर खर्च सहसा मिळतो. 2020 पासून मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे लागणारा दंतोपचार धरला आहे, पण रुग्णालयातल्या उपचाराचा भाग म्हणून. शिवाय मंजूर रकमेतले 5 टक्के आपले.

आपल्या घरांत अम्मीची दाढ नेहमी ‘बघू नंतर’वर जाते. हे आम्हाला विम्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. जबड्याखाली सूज उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर पू गळ्याकडे पसरत असू शकतो आणि श्वास कोंडू शकतो. तेव्हा क्लेमचा हिशेब करत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. दाखल केल्यावर 24 तासांच्या आत कंपनीला कळवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘दातदुखी’ नको. संसर्ग कुठवर पसरला होता आणि दाखल का करावं लागलं, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

मुलाकडे दुबईला किंवा उमराहला निघालेल्यांनी प्रवास विम्यात दातांच्या अचानक दुखण्याची नोंद आहे का ते पाहावं. अनेक पॉलिसींत ती असते, मर्यादा मात्र लहान, आणि जुन्या दुखण्याला सहसा काही मिळत नाही.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.