दुखणे सोबत घेऊन फेस्ताला जाताना



भाताची कापणी-मळणी संपत आली की आपल्या खानापूर-बेळगाव भागात जुन्या गोव्याच्या फेस्ताची बोलणी सुरू होतात. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होतो, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. मागोमाग नाताळ, लग्ने, माहेरपण. शेतकऱ्याची सुट्टी ती हीच. पण पुष्कळ घरांत एक माणूस मागे राहते. "माझी कंबर गाडीत बसू देत नाही. तुम्ही जा, मी गुरांकडे बघते," असे ते म्हणते आणि दरवर्षी तेच घडते. दुखण्याने कंबर तर धरलीच, वर माणसांचा सहवासही हिरावून घेतला.

असे होण्याचे कारण नाही. मात्र अशा माणसाचा प्रवास मापून करावा लागतो.

जुने दुखणे म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुने दुखणे म्हणतात. चोर निघून गेला तरी राखणीचा कुत्रा भुंकत राहतो, तसे मूळ इजा बरी झाल्यावरही मज्जातंतू आणि मेंदू पुष्कळदा इशारा देत राहतात. गुडघे झिजले असतील तरी दर कळेमागे आत काही नवे मोडते असे नव्हे. उलट महिनोन् महिने पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि दुखणे वाढते.

दुखण्याआधी विसावा

आपली नेहमीची चूक अशी: आज बरे वाटते म्हणून सगळे काम एका दमात उरकायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे. विसावा घड्याळाप्रमाणे घ्यावा, कळ येण्याची वाट पाहू नये. चाळीस मिनिटे बसल्यावर कंबर धरत असेल, तर तिसाव्या मिनिटालाच हालचाल करावी. निघण्यापूर्वी आठवडाभर घरीच आपले हे माप पाहून ठेवावे.

वाटेत

१. चोर्ला घाटाची वळणे आणि खड्डे कंबरेला जाचतात. बसमध्ये मागच्या चाकांवरची व त्यामागची जागा टाळावी, तिथे हिसके जास्त बसतात.

२. टॉवेलची गुंडाळी करून कंबरेच्या पोकळीत ठेवावी. पाय लोंबकळत असतील तर खाली पिशवी घ्यावी.

३. भाड्याची जीप असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबायचे, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगावे. बसमध्ये बसल्या जागी घोटे फिरवावेत, कूस बदलावी. थांब्यावर उतरून चार पावले चालावे.

४. एका जड पिशवीऐवजी दोन हलक्या घ्याव्यात. एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी.

५. रेल्वेने लांब जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना जागा असेल तर खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तिकीट लवकर काढावे. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली.

औषधांविषयी

रोजच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी, टपावरच्या सामानात नको. प्रवास आहे म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या धडधाकट प्रौढानेही चोवीस तासांत आठांहून अधिक घेऊ नयेत. म्हातारे, कृश, यकृताचे रोगी व दारू घेणारे यांनी त्याहून कमी, डॉक्टरांना विचारूनच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. लघवीची गैरसोय नको म्हणून आपल्या स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. अशा वेळी या गोळ्यांचा धोका वाढतो. जत्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत.

लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातील शक्ती अचानक कमी होणे, दुखण्याबरोबर ताप, यांपैकी काही असेल तर प्रवास नको, आधी इस्पितळ. वाटेत एकच पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले वा दम लागला, तरी तसेच करावे.

मुक्कामी आणि परतल्यावर

पाहुण्यांच्या घरी जमिनीवर अंथरूण घातले तर संकोच न करता खाट मागावी. मिस्सेच्या वेळी गुडघे टेकता येत नसतील तर बसून राहावे. ख्रिस्तसभा आजाऱ्याकडून त्याची अपेक्षा करीत नाही. रांगेत दोन तास उभे राहणे झेपणार नसेल तर गर्दीचा मुख्य दिवस सोडून नोव्हेनाच्या एखाद्या दिवशी जावे.

परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवावा. दुसऱ्या पहाटे लगेच विळा हाती घेऊ नये. धार काढण्याचे व गुरांच्या वैरणपाण्याचे शेजाऱ्याशी आधीच ठरवावे. त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा आपण उभे राहावे.

शेवटी घरच्यांना एक सांगणे. "आईला झेपणार नाही" असे तुम्हीच परस्पर ठरवू नका. तिला विचारा. तिच्यासाठी चार वेळा गाडी थांबवावी लागली तर पोहोचायला तासभर उशीर होईल, एवढेच. यंदा गाडीतील जागा मोजाल तेव्हा पहिली तिची धरा.