काळी म्हैस, पांढरा बगळा

डबक्यातून नुकतीच बाहेर आलेली म्हैस आणि तिच्या पाठीवर ऐटीत बसलेला गायबगळा हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिले असेल. म्हैस चरू लागली की गवतातले नाकतोडे उडतात आणि बगळ्याला ते आयतेच मिळतात. फोटोसाठी याहून सोपा विषय नाही असे वाटते. बगळा फारसा बुजत नाही आणि म्हशीला तर कसलीच घाई नसते. पण घरी येऊन फोटो पाहावा, तर म्हशीच्या अंगावरचा केस न् केस दिसतो आणि बगळ्याच्या जागी कातरीने कापून काढल्यासारखे एक पांढरेफटक भोक! ना पंख, ना पिसे. असे का होते? आणि फोनवर किंवा संगणकावर फोटो ‘सुधारण्याची’ जी साधने असतात, त्यांनी ही पिसे परत आणता येतील का?

आधी कॅमेऱ्याची अडचण समजून घेऊ. त्याच्याकडे येणारा प्रकाश कमी असेल, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक तर उजेडच मंद असेल, किंवा उजेड भरपूर असून समोरची वस्तू काळी असेल. आलेल्या प्रकाशाच्या नुसत्या मोजमापावरून या दोहोंत फरक करता येत नाही. म्हणून कॅमेरे बनवणाऱ्यांनी एक तडजोड केली. कोणत्याही दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करड्या रंगाची असते, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे १८ भाग परत पाठवते, असे त्यांनी गृहीत धरले. झाडे, माती, घरे, माणसे असे सरमिसळ दृश्य असले की हे गृहीत बरे चालते. म्हशीपुढे मात्र ते कोलमडते.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. एक पांढरा कागद आणि एक काळे कापड एकाच उजेडात ठेवा. प्रत्येकाने सगळी चौकट भरेल इतक्या जवळून फोटो घ्या. पांढरा कागद मळकट येईल आणि काळे कापड विटल्यासारखे दिसेल. अलीकडच्या फोनांत दृश्य ओळखून दुरुस्ती करण्याची सोय असते, त्यामुळे हा परिणाम कमी दिसेल. पण बहुधा पुरता जाणार नाही.

आता थोडे गणित. समजा, म्हशीची कातडी १०० पैकी साडेचार भाग प्रकाश परत पाठवते आणि बगळ्याची पिसे ९० भाग पाठवतात. चौकट म्हशीने भरली आहे. कॅमेरा साडेचाराचे अठरा करू पाहतो, म्हणून तो प्रकाश चौपट वेळ आत घेतो. मग बगळ्याच्या वाट्याला ९० गुणिले ४, म्हणजे ३६० भाग येतात! पण फोटोतला शुभ्रातला शुभ्र रंग म्हणजे १००. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी पाणी ओतावे तसा वरचा सगळा प्रकाश सांडून जातो. बगळा ‘जळतो’ तो असा.

उलट, चौकटीत बगळ्यांचा थवाच थवा असेल तर कॅमेरा ९० चे १८ करील, म्हणजे प्रकाश पाचपट कमी घेईल. बगळे करडे दिसतील आणि म्हैस ०.९ भागावर, जवळजवळ काळोखात जाईल. पण ०.९ म्हणजे शून्य नव्हे, आणि सगळी गोम इथेच आहे.

संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. ही कल्पना फोनांच्या खूप आधीची आहे. अमेरिकेत रसेल कर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून त्याचे १७६ उभे आणि १७६ आडवे असे ठिपके केले होते. आज नेहमीच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी ० ते २५५ मधला एकेक आकडा असतो. ‘ब्राइटनेस’ वाढवायचा म्हणजे, अगदी साध्या प्रकारात, सर्व आकड्यांत ठरावीक भर घालायची. ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवायचा म्हणजे मधल्या १२८ पासूनचे अंतर ताणायचे. दीडपट ताणले तर १००, १२० आणि १४० यांचे ८६, ११६ आणि १४६ होतात. यात जादू काही नाही, नुसती अंकगणिताची आकडेमोड आहे.

या आकडेमोडीने बगळा वाचेल का? समजा, तीन शेजारच्या पिसांचे खरे आकडे ३००, ३३० आणि ३६० यायला हवे होते. तिन्ही ठिकाणी २५५ लिहिले गेले. आता त्यातून ६० वजा केले तर मिळतात १९५, १९५ आणि १९५. पांढऱ्या भोकाचे करडे भोक झाले, इतकेच! पिसांमधला फरक लिहिलाच गेला नव्हता, तो येणार कोठून? एखादे नवे साधन तेथे पिसे ‘भरून’ देईलही, पण ती त्या बगळ्याची नसतील.

काळोखातली म्हैस मात्र पुष्कळशी परत मिळते, कारण तिचे आकडे लहान असले तरी निरनिराळे असतात. ते वाढवले की शिंगे, डोळे, कातडीच्या सुरकुत्या दिसू लागतात. त्याबरोबर रवाळ ठिपकेही दिसतात, आणि त्यांचे कारण भौतिकशास्त्रातले आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण मोजून-मापून येत नाहीत. सरासरी १०,००० कण अपेक्षित असतील तर प्रत्यक्ष संख्येत सुमारे १०० चा, म्हणजे शेकडा एकाचा चढउतार होतो. अपेक्षा १०० कणांचीच असेल तर चढउतार १० चा, म्हणजे शेकडा दहाचा. आकडे वाढवताना हा चढउतारही तितकाच वाढतो.

गंमत अशी, की निगेटिव्ह फिल्म वापरणारे जुने छायाचित्रकार याच्या अगदी उलट सांगत, की सावलीला पुरेसा प्रकाश द्या, उजळ भागाचे पुढे पाहू. फिल्म जास्तीचा प्रकाश पुष्कळ सोसते. तिच्यावर प्रकाश पडलाच नाही तर मात्र डार्करूममध्ये काही करता येत नाही. तुमच्या आजोबांनी तसा सल्ला दिला तर तो त्यांच्या कॅमेऱ्यापुरता बरोबरच होता.

तुमच्या फोनवर मात्र फोटो घेण्यापूर्वी पडद्यावरच्या बगळ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनांत तेथे सूर्याचे लहान चिन्ह उमटते. ते खाली सरकवा आणि पिसांच्या कडा दिसू लागल्या की थांबा. म्हैस काळवंडेल, ती घरी उजळता येते.

याची गरज नुसत्या शोभेपुरती नाही. पावसाळ्याच्या सुमारास, विणीच्या हंगामात, गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी पिसे येतात. शाळेच्या पक्षिनोंदीत तो फोटो पुरावा म्हणून लावायचा असेल तर रंग खरा हवा. एखाद्या नारिंगी पिसाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे २४०, १९० आणि १३० आहेत असे समजा. ब्राइटनेस ६० ने वाढवला तर लाल ३०० न होता २५५ वरच अडतो. हिरवा २५० आणि निळा १९० होतो. लाल आणि हिरवा जवळजवळ सारखे झाले, की डोळ्याला दिसतो पिवळा! नारिंगी बगळा पिवळट झाला आणि सुधारणा करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणून मूळ फोटो तसाच ठेवून सारे प्रयोग त्याच्या प्रतीवर करा. प्रतही पुनःपुन्हा उघडून साठवू नका, कारण नेहमीच्या जेपेग पद्धतीत जागा वाचवण्यासाठी प्रत्येक वेळी थोडा तपशील टाकून दिला जातो. नोंदीबरोबर तारीख, वेळ आणि ऊन होते की ढग तेही लिहा.