देवनागरी संकेतस्थळाची रचना : चित्रात की ब्राउझरमध्ये?

महाविद्यालयाचे संकेतस्थळ तयार करताना प्रथम फोटोशॉपमध्ये पृष्ठाचे चित्र रेखाटावे, ते समितीकडून संमत करून घ्यावे व नंतर त्याचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करावे, ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. रंगीत छापील प्रतीवर स्वाक्षरी घेता येते, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. दुसरी पद्धत थेट ब्राउझरमध्येच रचना करण्याची. इंग्रजी पृष्ठाबाबत ही निवड बव्हंशी सोयीची बाब ठरते. देवनागरीबाबत मात्र ती लिपीच्या स्वरूपाशी निगडित आहे.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द पाहावा. युनिकोडमध्ये ‘श’ आधी व ऱ्हस्व वेलांटी नंतर साठविली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. हे स्थानांतर व ‘ष्य’, ‘त्ती’ यांची जुळणी विंडोज २००० पासून संगणकप्रणाली स्वतः करू लागली; तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता. फोटोशॉपच्या तत्कालीन आवृत्त्यांना हे साधत नसे. वेलांटी भलत्या जागी पडे, जोडाक्षर फुटे. म्हणून रचनाकार युनिकोडपूर्व फॉन्टचा आश्रय घेत. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असल्याने तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटत. परिणामी मजकूर चित्ररूपातच ठेवला जाई.

याची किंमत वाचकास मोजावी लागते. पाटण तालुक्यातील डोंगराळ गावातून मोबाईलवर अर्जाची अंतिम तारीख पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रातील शब्द शोधता वा उतरवून घेता येत नाही. १००० पिक्सेल रुंदीचे चित्र ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आक्रसते. पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर अंध विद्यार्थ्याच्या पडदावाचकाला तेथे वाचण्यासारखे काही मिळत नाही. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ५०० चिन्हांची सूचना दीड किलोबाइटात मावते. तिचेच चित्र सहज शेकडो किलोबाइटांचे होते.

ब्राउझरमध्ये रचना करताना दोष तत्काळ दिसतात. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-अनुस्वारांना भिडले, की ओळींतील अंतर तेथेच वाढविता येते. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी मांडलेली, पडद्यानुसार बदलणारी रचनाही तेथेच पारखता येते. बोधचिन्ह व छायाचित्रे यांसाठी फोटोशॉप अर्थातच उपयुक्त आहे.

आता फोटोशॉपही देवनागरी बिनचूक जुळविते. मूळ तांत्रिक अडचण उरलेली नाही. सवय मात्र उरली आहे. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेली सूचना छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग तिचे छायाचित्र संकेतस्थळावर चढविले जाते.